खिशातली पहार

चाकूचं टोक कापताना सहसा मोडत नाही. ते मोडतं रंगाच्या डब्याच्या झाकणाखाली, खोक्याला मारलेल्या जाड पिनेखाली, किल्ल्यांच्या रिंगच्या घट्ट फटीत. टोक आत सरकवलं जातं, मनगट जरासं वळतं आणि ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. धार टिकावी म्हणून पात्याचं पोलाद साधारण ५८ ते ६२ रॉकवेल इतकं कडक केलेलं असतं, आणि टोकाशी ते अर्धा मिलिमीटरही जाड नसतं. इतकं कडक आणि इतकं पातळ पोलाद वाकून इशारा देत नाही, थेट तुटतं. चाकू हाताशी नसला की तेच काम किल्लीवर येतं, किल्ली नसली की नखावर.

या तिघांच्या वाट्याचा मार खायला खिशातली पहार असते. पहार म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती दगड हलवणारी, दोन्ही हातांनी उचलायची. तिचंच हे बोटभर रूप. सात-आठ सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद आणि तीन-चार मिलिमीटर जाड अशी पट्टी. एका टोकाला पाचरीसारखी उतरती केलेली, दुसऱ्या टोकाला किल्ल्यांत अडकवायचं भोक. एवढ्याशा वस्तूवर हाताने कारागिरी करणाऱ्यांचं एक छोटं जग आहे. अमेरिकेतल्या पीटर अ‍ॅटवुड यांच्या ‘प्रायबेबी’ नावाच्या चिमुकल्या पहारी त्या जगात आजही आवडीने सांभाळल्या जातात.

त्या जगात टायटॅनियमची चलती आहे. निळ्या-जांभळ्या, झळाळत्या, भोकांनी आणि खाचांनी भरलेल्या पहारी बघताना मात्र मूळ मुद्दा हमखास निसटतो. ही वस्तू जे काही करते ते टोकाच्या शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये करते. उरलेली सगळी मूठ आहे.

तीन हा आकडा हवेतून घेतलेला नाही, त्याचा हिशेब मांडता येतो. समजा टोकाची कड ८ मिमी रुंद आणि ०.८ मिमी जाड आहे, आणि तिथून मागे १५ अंशांच्या उताराने जाडी वाढत जाते, म्हणजे दर मिलिमीटरला पाव मिलिमीटरहून थोडी जास्त. कडेवर भार आला की तो मागच्या प्रत्येक छेदाला वाकवू बघतो. कडेपासून जितकं मागे जावं तितका हा वाकवणारा जोर अंतराच्या प्रमाणात वाढतो. पण वाकण्याला विरोध करायची पट्टीची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते. या चढाओढीत सर्वांत कमकुवत जागा ठरते ती जिथे जाडी कडेच्या बरोबर दुप्पट होते. आपल्या उदाहरणात ती जागा कडेपासून ३ मिमी मागे, १.६ मिमी जाडीवर येते. टोक वाकलेली पहार हातात घेऊन पाहिली तर वाक साधारण तिथेच पडलेला दिसतो.

आता भाराचे आकडे. पहारींसाठी नेहमी वापरतात त्या ग्रेड ५ या टायटॅनियमच्या मिश्रधातूची कायमचं वाकण्याची मर्यादा सुमारे ८३० मेगापास्कल धरली, तर वरची पाचर जवळपास ९५ किलो भाराला वाकू लागते. कड ०.४ मिमीवर आणली की हा आकडा निम्म्यावर येतो, ४८ किलो. कड ०.८ मिमीच ठेवली आणि उतार १५ ऐवजी १० अंशांचा केला, तर ६४ किलो. आणि पाचरीऐवजी टोकाला ०.८ मिमी जाडीची, ५ मिमी लांब सपाट जीभ काढली, तर फक्त १४ किलो. फटीत सहज शिरावी म्हणून काढलेली अशी सुबक जीभ फोटोत फार देखणी दिसते.

हे ९५ किलो खूप वाटतात, पण तरफेचा हिशेब लावला की तसं वाटत नाही. टेकू कडेपासून ५ मिमीवर आणि बोटांचा जोर टेकूपासून ५५ मिमीवर असेल, तर जोर अकरा पट होतो. अंगठ्याने पाच किलो दाबलं की टोकावर ५५ किलो येतात. नऊ किलोला टोक मर्यादेशी पोचतं, आणि नऊ किलो म्हणजे चिडलेल्या माणसाच्या अंगठ्याला काहीच नाही. त्याच वेळी १५ मिमी रुंद, ४ मिमी जाड अंगाला वाकवायला त्याच जागी ६० किलोच्या आसपास जोर लागेल, तोही बोटांनी. ३ मिमी जाडीच्या अंगालासुद्धा ३५ किलो लागतात. म्हणजे अंग टोकाच्या कित्येक पट बळकट आहे आणि टोक नेहमी आधी जाणार. सहा मिलिमीटर जाडीची पहार ‘रणगाड्यासारखी मजबूत’ म्हणून दाखवली जाते तेव्हा ती फक्त रणगाड्यासारखी जड असते; टोक सगळ्यांचं सारखंच.

वरचा सगळा हिशेब भार पूर्ण रुंदीवर सारखा पसरला आहे असं धरतो. प्रत्यक्षात पहार तिरकी शिरते आणि सगळा भार एका कोपऱ्यावर येतो. म्हणून कोपरे टोकदार ठेवू नयेत, अर्धा ते एक मिलिमीटर त्रिज्येने गोल करावेत. टोकदार कोपरा पहिल्याच पिनेला दुमडतो, वर खिशाचं अस्तरही फाडतो. टोकातच खिळे उपटायची इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडायची पद्धत आहे, ती मला अजिबात पटत नाही. ८ मिमी रुंद टोकात २ मिमीची खाच पाडली की तीन-तीन मिलिमीटरचे दोन पाय उरतात. भार एकाच पायावर आला की तो वाकतोही आणि पिळतोही. खाच हवीच असेल तर ती अंगाच्या बाजूच्या कडेत पाडावी, जिथे जाडी पूर्ण आहे.

उतार एका बाजूने काढायचा की दोन्ही बाजूंनी, हाही वाद आहे. एका बाजूने उतार आणि दुसरी बाजू सपाट, म्हणजे सुताराच्या पटाशीसारखी रचना असेल, तर सपाट बाजू पृष्ठभागाला टेकवून लेबल, वाळलेला गोंद, रंगाचे थेंब खरवडता येतात, आणि उतरती बाजू आपोआप टेकूसारखी वागते. दोन्ही बाजूंनी उतार असलेली पाचर फटीत सरळ शिरते, पण खरवडताना तिला काही कोन सापडत नाही. खिशात एकच वस्तू ठेवायची असेल तर पटाशीची रचना उजवी.

मग टायटॅनियमच का? प्रामाणिकपणे बोलायचं तर निव्वळ उचकटण्यासाठी चांगलं कडक केलेलं अवजारी पोलाद त्याच जाडीत टायटॅनियमपेक्षा बळकट पडतं. ताठपणातही पोलाद पुढे आहे. त्याचा लवचिकता गुणांक २०० गिगापास्कलच्या थोडा वर, तर ग्रेड ५ चा ११४ च्या आसपास. त्यामुळे सारख्या मापाची टायटॅनियमची पट्टी सारख्या जोराला पावणेदोन पटींहून जास्त लवते. पोलादाइतका ताठपणा हवा असेल तर जाडी साधारण २२ टक्के वाढवावी लागते, म्हणजे ४ मिमीच्या जागी ४.९. गंमत अशी की एवढी जाडी वाढवूनही टायटॅनियमची पट्टी पोलादाहून तीस टक्के हलकी राहते, कारण तिची घनता ४.४३ आणि पोलादाची ७.८५. सारख्याच मापात ७५ × १५ × ४ मिमीची सपाट पट्टी टायटॅनियमची २० ग्रॅम भरते, पोलादाची ३५. भोकं आणि उतार काढल्यावर १५-१६ ग्रॅमवर येते. खिशातल्या वस्तूचं वजन टेबलावर कळत नाही, जिना चढताना कळतं.

दुसरं कारण घाम. कडक होणारी बरीच अवजारी पोलादं घामाने डागाळतात. टायटॅनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो, ओरखडा पडला तर तिथेही लगेच नवा थर येतो, आणि घाम किंवा समुद्राचं पाणी त्याला काही करत नाही. ग्रेड ५ मध्ये सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं. निकेल मिसळलेलं नसल्याने निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्या त्वचेलाही ते चालतं. आणि तिसरं कारण, मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं: अति झाल्यावर हा धातू बहुधा वाकतो, चाकूच्या टोकासारखा तुकडा उडत नाही. ग्रेड ५ ची कडकी ३६ रॉकवेलच्या आसपास असते. धारेच्या दृष्टीने हा आकडा कुचकामी. चिकटपट्टी फाडण्यापलीकडे त्याच्याकडून कापायची अपेक्षा ठेवू नये. टोकाच्या दृष्टीने मात्र तो बरा आहे, कारण वाकलेलं टोक साध्या कानशीने पुन्हा घडवता येतं.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोट यांनी १७९५ मध्ये या मूलद्रव्याला ग्रीक पुराणातल्या टायटनांचं नाव दिलं. धरती आणि आकाशाची ती महाकाय मुलं आज किल्ल्यांबरोबर खुळखुळतात.

नुसतं ‘टायटॅनियम’ एवढं लिहिलेलं असेल तर ग्रेड विचारायचा. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम. त्याची वाकण्याची किमान मर्यादा २७५ मेगापास्कल, ग्रेड ५ च्या एक तृतीयांश. वरच्या पाचरीचे ९५ किलो त्यात ३०-३२ वर येतात. ग्रेड २ कापायला, वाकवायला सोपं आणि रंगायला जास्त खुलतं, त्यामुळे क्लिपा, मणी, दागिने यांना ते छानच. पहारीला नको.

पट्टी मुळात टायटॅनियमची आहे का, हे घरच्या घरी कळतं. दागिने तोलायच्या वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा. पट्टी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायची, तळाला किंवा काचेला लागू द्यायची नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर पट्टीचं आकारमान. २० ग्रॅमची पट्टी टायटॅनियमची असेल तर काटा ४.५ च्या आसपास थांबेल, स्टेनलेसची असेल तर २.५, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ७.४. लोहचुंबकाची परीक्षा अर्धवट ठरते, कारण स्टेनलेसचे काही प्रकारही त्याला चिकटत नाहीत. ग्राइंडरला हलकेच लावल्यावर उडणाऱ्या लख्ख पांढऱ्या ठिणग्या ही आणखी एक खूण. ग्रेडमधला फरक मात्र यातल्या कशानेच कळत नाही, तिथे माल देणाऱ्याच्या कागदपत्रांवरच जावं लागतं.

आता हाताने करायची तर कशी. आकार आधी ४ मिमी जाडीच्या प्लायवूडमध्ये किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून हातात धरून पाहावा. कागदावर सुंदर दिसणारा आकार मुठीत टोचतो, हे समजायला टायटॅनियमची पट्टी वाया घालवायची गरज नाही. मग पट्टीवर जाड मार्करची शाई फासून कार्बाइडच्या टोकाने रेषा आखायची. साध्या पोलादी आखणीची रेघ या धातूवर धड उठत नाही.

कापण्याचा एक नियम बाकी सगळ्यांवर भारी आहे: सावकाश आणि दाबून. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही. ग्रेड ५ ची उष्णतावाहकता ७ वॅट प्रतिमीटर प्रतिअंशाच्याही खाली, तर नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंची दीडशेच्या पुढे. कापताना होणारी उष्णता पट्टीत पसरत नाही, करवतीच्या दातांवर आणि ड्रिलच्या टोकावर साठते. हात हलका ठेवला की दात कापायचे सोडून नुसते घासतात, पृष्ठभाग तापतो, कडक होतो, आणि पुढच्या फेरीला दात त्याच कडक पापुद्र्यावर बोथट होतात. ४ मिमी जाडीला इंचाला २४ दातांचं बायमेटल पातं घ्यावं, म्हणजे तीनहून जास्त दात कायम धातूत राहतात. मिनिटाला चाळीसपेक्षा कमी फेऱ्या, पुढे जाताना भक्कम दाब, मागे येताना पातं उचललेलं आणि कटिंग ऑइल सढळ. पातं आवाज बदलून चरचरायला लागलं की ते संपलं. तेच रेटत राहिलं तर पट्टीची त्या जागेची कड कानशीलाही दाद देत नाही.

ड्रिल कोबाल्टचं. कापण्याचा वेग मिनिटाला १० मीटर धरला तर ५ मिमीच्या ड्रिलला सुमारे ६४० फेरे येतात, ३ मिमीला १०६०. छोट्या ड्रिल मशीनचा वेग याहून जास्त असेल तर पट्टा कमी वेगाच्या पुलीवर घ्यायचा. सेंटर पंच हलकाच मारायचा, कारण खोल ठोक्याने तो बिंदूच कडक होतो. ड्रिल सतत पुढे जात राहिलं पाहिजे. मध्येच थांबून एकाच जागी फिरू दिलं की काम बिघडलं. लांब, चांदीसारख्या गुंडाळ्या निघत असतील तर ठीक चाललं आहे. निळसर चुरा पडू लागला तर ड्रिलची धार गेली आहे. भोक पलीकडे बाहेर पडताना ड्रिल पट्टीला हिसका देतं, म्हणून पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडलेली हवी, बोटात धरलेली नको. क्लिपसाठी एम ३ चे, म्हणजे ३ मिमी स्क्रूचे आटे पाडायचे असतील तर पुस्तकी २.५ मिमीऐवजी २.६ मिमीचं भोक घ्यावं. टायटॅनियम कापल्यानंतर परत आत आवळून येतं आणि टॅपला, म्हणजे आटे पाडणाऱ्या अवजाराला, धरून ठेवतं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, भरपूर तेल. टॅप आत तुटला तर तो काढण्यापेक्षा नवी पट्टी घेतलेली स्वस्त पडते.

भोकं पाडताना मोह आवरावा. स्क्रूड्रायव्हरची सुटी षटकोनी बिट बसावी म्हणून पाडलेल्या भोकाचंच पाहा. बिट समोरासमोरच्या बाजूंमध्ये ६.३५ मिमी, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७.३ मिमी. १५ मिमी रुंदीतून ते गेलं की त्या छेदाची अर्धी ताकद गेली. शिवाय ४ मिमी जाडीत बिटला चारच मिलिमीटरची पकड मिळते, ती डुलते, आणि काही महिन्यांत भोकाचे कोपरे गोल होतात, कारण बिटचं पोलाद या धातूपेक्षा खूप कडक असतं. चष्म्याचा किंवा खेळण्यातला स्क्रू फिरवायला चालतं. गंजलेल्या स्क्रूशी झुंजायला नाही. हे भोक पाडायचंच असेल तर किल्लीच्या बाजूच्या अर्ध्या भागात पाडावं, तिथे वाकवणारा जोर कमी असतो. सहा कोपऱ्यांशी आधी ड्रिलने बारीक भोकं पाडून घेतली की त्रिकोणी कानशीला कोपरे खोल कोरावे लागत नाहीत, आणि कोपऱ्यातली ती गोलाई चीर सुरू होऊ देत नाही.

चिरांबद्दल हा धातू हळवा आहे. तीक्ष्ण आतला कोपरा त्याला सोसत नाही. प्रत्येक खाचेच्या तळाशी निदान १ मिमी त्रिज्या हवी. अंगठा घसरू नये म्हणून आडव्या खाचा पाडतात, त्या मागच्या निम्म्या भागात असल्या तर हरकत नाही; टोकाच्या उतारावर आडवी एकही रेघ नको. उतार घासताना शेवटच्या ओरखड्यांची दिशा लांबीला समांतर ठेवायची ती याच कारणाने. आडवे ओरखडे म्हणजे मोडण्यासाठी आधीच आखून दिलेल्या रेषा.

बाटलीचं झाकण उघडायची आकडी बहुतेकांना हवी असते. मुकुटासारख्या दातेरी झाकणाचं पेटंट विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये घेतलं. आजच्या झाकणाला २१ दाते असतात आणि बाटलीवर बसल्यावर त्याचा व्यास २९ मिमीच्या आसपास. आकडी झाकणाच्या झालरीखाली जाते आणि टेकू वरच्या पृष्ठभागावर टेकतो. टेकू झाकणाच्या मध्याच्या पलीकडे पडायला हवा, म्हणजे आकडीपासून १४-१५ मिमीहून दूर. तो अलीकडे पडला तर झाकण उचललं न जाता मधोमध दुमडतं आणि आकडी निसटते. प्लायवूडच्या नमुन्यावर खरी बाटली लावून हे आधीच पाहून घ्यावं. धातूत खाच मोठी करता येते, लहान करता येत नाही.

पुढचं काम उताराचं. ४ मिमीच्या अंगातून ०.८ मिमीच्या कडेपर्यंत १५ अंशांनी उतरायचं तर उताराची लांबी १२ मिमी होते. तेवढी रेघ दोन्ही कडांवर आखून घ्यावी. बेल्ट ग्राइंडर असेल तर ६० नंबरचा सिरॅमिक पट्टा, वेग कमी, मग १२०, २४०, ४००. नुसत्या कानशीनेही जमतं, तास-दीड तास जातो. कानशीला खडू चोळून घेतला की दातांत कण अडकत नाहीत. अडकलेला एक कण सगळ्या उतारावर खोल ओरखडे काढत जातो. ग्राइंडरवर एक फसवणूक होते. पोलादाची पट्टी तापली की बोटं सांगतात. टायटॅनियमचं टोक पिवळं पडून निळ्याकडे चाललेलं असतं आणि बोटांखालचं अंग मात्र गारच. म्हणून बोटांवर विश्वास न ठेवता तीन-चार सेकंदांनी पाण्यात बुडवत राहायचं.

टोक जरासं, दहा-बारा अंशांनी वर वळवलेलं असलं तर सपाट पृष्ठभागावर बोटांना जागा मिळते. ग्रेड ५ थंड अवस्थेत वाकवायला नाखूश असतं. वाकाची आतली त्रिज्या जाडीच्या निदान पाच पट लागते, म्हणजे ४ मिमीला २० मिमी, आणि सोडल्यावर पट्टी बरीच उलट फिरते. म्हणून हव्या त्यापेक्षा जास्त वाकवून सोडावं लागतं. अंधारात मंद लाली दिसेल इतकं, साधारण ६०० अंशांवर तापवलं की ती सहज वळते. पण त्या तापमानाला धातू हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागात शोषतो आणि तिथे कडक, ठिसूळ थर तयार होतो. हा थर डोळ्यांना वेगळा दिसत नाही. तो घासून काढल्याशिवाय पहार वापरली तर बारीक चिरा तिथूनच सुरू होतात. म्हणून क्रम असा: आधी वाकवणं, मग उतार घासणं, आणि वाकाच्या दोन्ही अंगांनी धातूचा एक पापुद्रा निघून जाईल इतकं घासणं. वाक नाही घेतला तरी काही बिघडत नाही. पटाशीच्या रचनेत उताराची टाच टेकूचं काम करते.

धूळ हा या कामातला खरा धोका. टायटॅनियमचा जाड तुकडा पेटत नाही, पण बारीक भुसा आणि पिठासारखी धूळ ठिणगीने पेटते आणि पांढऱ्या शुभ्र, डोळे दिपवणाऱ्या ज्वाळेने जळते. पाण्याने ती विझत नाही, उलट भडकू शकते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही उपयोगाचा नाही. कोरडी वाळू जवळ ठेवायची, किंवा धातूच्या आगीसाठी असलेली खास भुकटी. ज्या ग्राइंडरवर पोलाद घासलं जातं, त्याच्या डब्यात टायटॅनियमची धूळ साठू द्यायची नाही, कारण पुढच्या वेळी पोलादाची ठिणगी तिच्यावरच पडणार. पट्ट्याखाली पाण्याचं ट्रे ठेवावं, ओला गाळ रोज काढावा, तो बंद डब्यात कोंडू नये. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ही धूळ ओढायची नाही. मास्क आणि चष्मा तर हवाच.

भोकांच्या दोन्ही बाजूंची, सगळ्या कडांची कूस काढून झाली की रूपाचा प्रश्न. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासलेलं साधं रूप मला सर्वांत शहाणं वाटतं, कारण वापरातले ओरखडे त्याच दिशेने पुन्हा घासले की दिसेनासे होतात. ड्रममध्ये सिरॅमिकचे खडे, पाणी आणि साबण घालून काही तास फिरवलं की येणारं करडं, खरबरीत रूपही ओरखडे लपवतं. आरशासारखं पॉलिश मात्र पहिल्या दिवशीच्या फोटोपुरतं.

रंग हे टायटॅनियमचं खास आकर्षण, आणि त्यात रंगद्रव्य काहीच नसतं. विजेच्या दाबाने ऑक्साइडचा थर जाड करत नेला की साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे प्रकाशाच्या व्यतिकरणाचे रंग उमटतात. कोणता रंग, हे व्होल्टेज ठरवतं. पंधराच्या आसपास तांबूस, वीसला जांभळा, तीसच्या जवळ गडद निळा, चाळिशीत फिका निळा, पन्नास-साठमध्ये पिवळा, सत्तरला गुलाबी आणि नव्वदच्या पुढे हिरवट. मिश्रधातू, द्रावण आणि पृष्ठभागानुसार आकडे पाच-दहाने सरकतात. ग्रेड ५ वर रंग शुद्ध धातूइतके टवटवीत येत नाहीत. पाण्यात थोडं ट्रायसोडियम फॉस्फेट किंवा खायचा सोडा, धन टोकाला पहार, ऋण टोकाला स्टेनलेसची किंवा टायटॅनियमची पट्टी. पहार धरणारी तार द्रावणात बुडत असेल तर तीही टायटॅनियमचीच हवी. तांब्याचा चिमटा बुडाला की सगळा प्रवाह तोच खातो, स्वतः विरघळतो आणि रंग चढत नाही. मीठ घालायचं नाही. खालच्या रंगाकडून वरच्या रंगाकडेच जाता येतं. निळा आला आणि तांबूस हवा असेल तर थर घासून पुन्हा सुरुवात. डाग पडतात ते जवळजवळ नेहमी बोटांच्या तेलाचे, त्यामुळे साबणाने धुतल्यावर पृष्ठभागाला हात लावू नये. रबरी हातमोजे घालावेत आणि प्रवाह चालू असताना द्रावणात बोट घालू नये. हिरव्या रंगाच्या नव्वद व्होल्टचा झटका हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एवढं करून हा थर नॅनोमीटरमध्ये मोजायचा. टोकावरचा रंग पहिल्याच झाकणाला जातो. रंगाची हौस अंगावर भागवावी, टोक उघडंच ठेवावं.

वापरताना टोक जितकं आत जाईल तितकं आत सरकवून मगच जोर द्यावा. नुसत्या कडेवर पकड घेऊन दाबलं की सगळा भार पातळ जागी येतो. डब्याचं झाकण एकाच जागी उचकटू नये. दोन-दोन सेंटिमीटरवर थोडं थोडं उचलत फिरावं, झाकणाची कडही त्यामुळे वाकत नाही. दुसरा हात टोकाच्या समोर नको. हातोडीने ठोकू नये. टायटॅनियम विजेचं वाहक आहे, त्यामुळे बॅटरी किंवा सॉकेटच्या आसपास ते नेऊ नये, आणि काँक्रीटवर घासलं तर ठिणग्या उडतात म्हणून गॅस किंवा पेट्रोल असेल तिथेही नको. लोहचुंबकाला दाद देत नसलं तरी तपासणीच्या कमानीत ते वाजतं. विमानात हातातल्या सामानातून ते नेऊ देतील की नाही, हे जिथल्या तिथल्या नियमांवर. खिशात फोनबरोबर ठेवू नये. किल्ल्यांबरोबर ठेवायचं तर टोक किल्ल्यांच्या दिशेला वळणार नाही अशी रिंग घ्यावी.

टोक कधीतरी वाकणारच. वाकलेलं टोक थंड अवस्थेत ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नये. पुढच्या वेळी ते तिथेच जातं आणि या वेळी चीर घेऊन जातं. वाकलेला भाग घासून टाकावा, मागे सरकल्याने कड जाड झालेली असते ती पुन्हा ०.८ मिमीवर आणावी, कोपरे गोल करावेत. दर वेळी एक-दीड मिलिमीटर लांबी जाते. पंधराएक वेळा असं झालं की पहार दोन सेंटिमीटर आखूड होते, बोटांचा जोर टेकूपासून ५५ ऐवजी ३५ मिमीवर येतो, आणि टोकावर अकरा पट पडणारा भार सात पटच पडतो. त्यामुळे आखूड झालेल्या पहारीचं टोक नव्या पहारीच्या टोकापेक्षा जास्त दिवस टिकतं.